उलट बसवलेली प्लेट

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (हा नुसता रीत म्हणून लिहिलेला नाही. गेले अकरा दिवस शाळा सुटली की मी ट्रॅक्टरखाली आडवाच असतो. फरक एवढाच, की पालथा नव्हे, उताणा.) तुमच्या उजव्या डोळ्याचं पाणी थांबलं का? डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही, वाचायचं नाही आणि चिडायचं नाही असं सांगितल्याचं मामींकडून कळलं. पहिल्या दोन गोष्टी तुम्ही पाळत असाल याबद्दल मला शंका नाही. तिसरीसाठी मामींना विनंती, की हे पत्र तुमचं जेवण झाल्यावर, हळू आवाजात, आणि तुमच्या हाताशी फेकण्याजोगी वस्तू नसताना वाचावं. सरळ फोन का केला नाहीस, असं तुम्ही म्हणाल. मामा, तुम्ही फोनवर 'हं' म्हणता, मग 'बरं' म्हणता, आणि मग 'मामीशी बोल' म्हणता. दीड वर्षापूर्वी तुम्ही तुमच्या लेकीकडे, म्हणजे आमच्या ताईकडे, त्या पाचव्या मजल्यावर राहायला गेलात, तेव्हापासून आपलं एवढंच बोलणं झालं आहे. पत्राचं एक बरं असतं, मध्येच ते दुसऱ्याच्या हाती देऊन टाकलं तरी वाचून दाखवावंच लागतं.

इकडे सर्व क्षेम. ही बरी आहे. मीही बरा आहे (डाव्या हाताचं एक बोट वगळता). घराची कौलं शाकारून झाली. मामींच्या लिंबाला या वर्षी भरपूर लिंबं आली होती. शेडही छान आहे, म्हणजे तीन बाजूंनी छान आहे. त्या चौथ्या बाजूकडे मी येतोच, पण क्रमाक्रमानं आलेलं बरं, कारण एकदम आलं की काय होतं ते मी नुकतंच पाहिलं आहे.

तुम्ही मामींकरवी निरोप पाठवलात, की आता मला नीट दिसत नाही, गुडघा वाकत नाही, माझा त्या ट्रॅक्टरला आणि ट्रॅक्टरचा मला काही उपयोग नाही, तेव्हा तो विकून टाक. निरोप ऐकून मला वाईट वाटलं. ट्रॅक्टरबद्दलच्या वाक्याचं नाही, त्याच्या आधीच्या वाक्याचं. पण तुमचा शब्द मोडायची मला सवय नाही (मामी, इथं ते हसले तर थांबा, हसून होऊ द्या), म्हणून मी गिऱ्हाईक शोधलं. हमरस्त्यावरच्या हॉटेलचा मालक तयार झाला. त्याला जुना ट्रॅक्टर हॉटेलच्या दारात उभा करायचा आहे. लाल रंग देणार, बॉनेटवर दिव्यांची माळ सोडणार, आणि तुमच्या सीटवर, मामा, फुलांची कुंडी ठेवणार. त्याची अट एकच: ट्रॅक्टर स्वतःच्या पायांनी फळ्यांवरून ट्रकमध्ये चढला पाहिजे. मेलेलं यंत्र दारात नको, ते अशुभ दिसतं, असं त्याचं म्हणणं. कुंडी ठेवलेलं यंत्र त्याच्या मते जिवंत असतं.

म्हणून मी दोन फळ्या लावून सराव करायला गेलो. इंजिन असं काही गरजलं की शेजारचा वेल्डर मास्क वर करून बघायला आला, पण चाकं जागची हलेनात. मग जळक्या पट्ट्याचा वास सुटला, धूर आला, आणि गिअरशेजारचा हाय-लोचा दांडा 'खाड्' करून आपोआप मधे आला. ट्रॅक्टर फळ्यांच्या उतारावरून मागं आला आणि कुंपणाला टेकला. तुमचा वेल्डर तुम्हाला ठाऊकच आहे. जगात काहीही झालं तरी तो 'चालायचंच' म्हणतो. या वेळी तो ते म्हणाला नाही. तो म्हणाला, "मास्तर, क्लच गेला. उघडावा लागेल."

उघडावा लागेल! मी आधी नाहीच म्हणालो. कारण जाताना तुम्ही किल्ली माझ्या हातात देऊन काय बजावलं होतं, ते मला पाठ आहे: तेल बदल, पाणी बदल, टायर बदल, वाटलं तर रंग बदल, पण इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडलेत त्या सांध्याला पाना लावायचा नाही. मला वाटायचं, ही तुमची मिस्त्री म्हणून असलेली काळजी. पंचक्रोशीतले ट्रॅक्टर तुम्ही दोन तुकडे करून परत जोडलेत, नुसत्या आवाजावरून कुठला बेअरिंग गेला ते सांगितलंत, लोक लांबलांबून यंत्रं ओढत तुमच्या दारात आणायचे. आणि एवढ्या सगळ्यांत एकच ट्रॅक्टर तुम्ही एकतीस वर्षांत उघडला नाही, तो आपला. मी भूगोल शिकवतो. नकाशातला एखादा भाग कोरा सोडलेला दिसला की तिथं काहीतरी आहे हे मला कळायला हवं होतं.

आता इथं मला मामापद्धतीबद्दल थोडं लिहिलं पाहिजे. तुम्हाला ती सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे, पण पुढचा अनर्थ तिच्याशिवाय समजणार नाही, आणि मामींना खरा प्रकार कोणी सांगितलेला नाही. मामी, जगातल्या इतर ट्रॅक्टरांत डाव्या पायाखालचं क्लचचं पेडल दाबलं की इंजिन आणि चाकं यांची फारकत होते, मग गिअर टाकायचा, आणि पाय हळूहळू सोडला की गाडी निघते. आपल्या ट्रॅक्टरचं पेडल बोटभर जायचं आणि तिथं दगडासारखं थांबायचं. म्हणून त्याचा उपयोग आपण फक्त पाय ठेवायला केला. आपला खरा क्लच म्हणजे हाय-लोचा दांडा. मोठ्या गिअरबॉक्सच्या जोडीला ही जी छोटी पेटी असते, तिचा दांडा पुढे ढकलला की गाडी वेगात चालते, मागे ओढला की सावकाश पण जोरात ओढते, आणि मधोमध ठेवला की नुसतं इंजिन फिरत राहतं. तर थांबायचं असेल तेव्हा वेग कमी करून तो दांडा हिसक्यानं मधे आणायचा, निघायचं असेल तेव्हा इंजिन मंद करून, दात-ओठ खाऊन तो ढकलायचा. 'कर्रर्र' असा आवाज यायचा, गाडी बेडकासारखी उडी मारायची, आणि आपण निघायचो. ताई अशीच शिकली, मी असाच शिकलो, लग्नानंतर ही अशीच शिकली. कोणी विचारलं तर मामा, तुम्ही शांतपणे सांगायचात, की या गाडीचा स्वभावच तसा आहे. आणि मामी वर म्हणायच्या, की हा ट्रॅक्टर आणि हा भाचा, दोघांचा हट्टीपणा एकाच आठवड्यात सुरू झाला, दोघांनाही समजून घेऊन वागवावं लागतं. मी हे कौतुक समजत होतो.

असो. उघडायचं ठरलं. मी रद्दीवाल्याकडून या ट्रॅक्टरचं जुनं पुस्तक मिळवलं, त्यातल्या आकृत्या तीनदा काढून बघितल्या, आणि शाळेतून जुन्या परीक्षांचे कागदी लिफाफे आणले. प्रत्येक बोल्ट निघाला की तो लिफाफ्यात, वर क्रमांक, कुठून निघाला ते, आणि माझी सही. एकूण त्रेसष्ट लिफाफे झाले. वेल्डर म्हणाला, मिस्त्री सगळे बोल्ट एका डब्यात टाकायचे आणि परत लावताना हात बरोबर त्याच बोल्टवर जायचा. मी म्हणालो, मिस्त्रींची गोष्ट वेगळी, मी उत्तरपत्रिका तपासणारा माणूस आहे. (त्यातल्या सहा लिफाफ्यांवर दुसऱ्या दिवशी हिनं वाण्याची यादी लिहिली, आणि ते दुकानात जाऊन आले. वाण्यानं साबण दिला आणि बोल्ट परत केले. माणूस प्रामाणिक आहे.)

ट्रॅक्टर दोन तुकडे करणं म्हणजे काय, हे तुमच्या हातून होताना मी शंभरदा पाहिलं होतं, आणि त्यामुळेच ते सोपं आहे अशी माझी समजूत होती. मागच्या धडाखाली लाकडी ओंडके, पुढच्या धडाखाली चाकांचा जॅक, चौफेर बोल्ट काढले, आणि मी आणि वेल्डर दोन बाजूंनी ढकलू लागलो. सांधा हलेना. अर्धा तास आम्ही त्या सांध्यात पहारी घातल्या, त्याला शिव्या घातल्या, शेवटी वेल्डरनं वाकून पाहिलं तर हॉर्नची वायर तशीच. ती मी कापली, आणि मामा, पुढचं धड इतकं खुशीत सुटलं की विचारू नका. आपल्या शेडच्या फरशीला दाराकडे उतार आहे, पाणी जावं म्हणून तुम्हीच दिलेला. अर्धा ट्रॅक्टर, म्हणजे इंजिन, दोन लहान चाकं आणि मागे जॅक, असा आमच्या डोळ्यांदेखत दारातून बाहेर पडला, अंगण ओलांडलं, फाटकातून नीट मधोमध गेला आणि रस्त्यापलीकडे वेल्डरनं रचून ठेवलेल्या खिडक्यांच्या गजांवर जाऊन थांबला. त्याच्या मागोमाग मी, माझ्या मागोमाग वेल्डर. आमच्या हेडमास्तरीणबाई तेवढ्यात स्कूटरवरून चालल्या होत्या. त्यांनी आधी ट्रॅक्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि बाकीचा कुठे आहे असं विचारलं. मी म्हणालो, मागून येतोय. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला न मागता अर्ध्या दिवसाची रजा दिली.

आता मुद्द्याचं. (मामी, पाण्याचा पेला त्यांच्या हातात द्या. काचेचा नको.) पुढचं धड परत आणून बांधलं, झाकण खोललं, आणि जुनी क्लचप्लेट माझ्या हातात आली. तेलानं माखलेली, पट्ट्या झिजून कागदासारख्या. तिच्या एका बाजूला कारखान्यानं ठळक अक्षरं उठवलेली आहेत, की ही बाजू इंजिनच्या चाकाकडे. मामा, ती बाजू गिअरबॉक्सकडे होती. मी चष्मा पुसला. पुस्तक उघडलं. वेल्डरला दाखवलं. त्यानं प्लेट हातात घेतली आणि एवढंच म्हणाला, "मिस्त्रींनी बसवली होती ना?" मी हो म्हणालो. त्यानं मास्क खाली ओढून घेतला, वेल्डिंग चालू नसताना. म्हणजे एकतीस वर्षं या गाडीचा स्वभाव वगैरे काही नव्हता. प्लेट उलट होती, म्हणून तिचा मधला उंचवटा भलतीकडे अडायचा, म्हणून पेडल दगडासारखं थांबायचं, म्हणून क्लच सुटायचाच नाही, आणि म्हणून आमचं सगळं कुटुंब दात-ओठ खाऊन हाय-लोचा दांडा ढकलायला शिकलं. त्या छोट्या पेटीचंही मग मी झाकण काढलं. लो गिअरचे दात घासून घासून पार गोल झालेले. नवीन गिअर कुठून आणायचा हा प्रश्न पडला, कारण तो आता कुठंच मिळत नाही. पण तुमच्या फळीवर, अगदी मागे, बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत ग्रीस फासून, धोतराच्या कापडात गुंडाळलेला कोरा करकरीत गिअर. वर तुमच्या अक्षरात चिठ्ठी: 'हाय-लो. पुढं लागेल.' मला त्या क्षणी तुमचं फार कौतुक वाटलं. दुसरं काही सुचायला मला दोन दिवस लागले.

नवी प्लेट मी अर्थातच सुलट बसवली. पुस्तकात लिहिलं होतं, अक्षरं उठवलेली होती, आणि मी मास्तर आहे. मात्र ती बसवताना तिचा मध्य बरोबर जुळवायला एक दांडकं लागतं, ते असतं गिअरबॉक्सच्या दांड्याच्या जाडीचं. तुमचं लाकडी दांडकं सापडेना, म्हणून मी हिचं लाटणं घेतलं. वर्तमानपत्राचे तीन वेढे दिल्यावर ते असं चपखल बसलं की आपण मिस्त्रींचे भाचे शोभतो असं मला वाटून गेलं. मग दोन्ही धडं जुळवायला घेतली. चार बोटांचं अंतर राहिलं आणि पुढे जाईना. त्या दिवशी जाईना, दुसऱ्या दिवशी जाईना, तिसऱ्या दिवशी मी, वेल्डर आणि वेल्डरचे दोन मेहुणे असे चौघं रेटत होतो. मागचं चाक फिरवून पाहिलं, जॅक केसभर वर घेतला, केसभर खाली घेतला, पुस्तकातलं ते प्रकरण मी मोठ्यानं वाचून दाखवलं. आम्ही हात टेकले. तेवढ्यात ही दारात आली आणि तीन दिवस आपण शेजारणीच्या लाटण्यावर काढतोय, आपलं कुठे आहे, असं तिनं विचारलं. चौघांनीही त्या चार बोटांच्या फटीकडे बघितलं. वेल्डर हळूच म्हणाला, "चालायचंच."

लाटणं काढल्यावर दोन मिनिटांत सांधा मिटला. (लाटणं सुखरूप आहे, पण ते आता स्वयंपाकघरात घ्यायला ही तयार नाही. ते मी तुमच्या हत्यारांत ठेवलं आहे.) त्रेसष्ट लिफाफे रिकामे झाले, एकही बोल्ट उरला नाही, आणि मी छाती पुढे काढून सीटवर बसलो. जॅक निघावा म्हणून गाडी हातभर मागे घ्यायची होती. मामापद्धतीनं मागचा गिअर टाकला, इंजिन चालू केलं, मंद केलं, दात-ओठ खाल्ले आणि हाय-लोचा दांडा ढकलला. आवाज नाही! लोण्यात सुरी जावी तसा दांडा गेला, आणि गाडी जागची हलली नाही. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. वेग वाढवला. हलेना. आणखी वाढवला. हलेना. आता तुमच्या लक्षात आलंच असेल, पण माझ्या आलं नाही, की माझा डावा पाय कुठे होता. जिथं तो लहानपणापासून ठेवायचा असतो तिथं. पाय ठेवायच्या जागेवर, सगळा भार टाकून. फक्त आता त्या जागेचं पेडल झालं होतं. काय अडलंय ते बघायला म्हणून मी सीटवरून उठलो. पाय उचलला गेला.

तुम्ही हत्यारांच्या मागे भिंतीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगवली होती, कोणतं हत्यार कुठं टांगायचं ते कळावं म्हणून. त्या सगळ्या बाह्यरेषा आता मागच्या अंगणात आहेत, विटांवर, सुट्या सुट्या. मी जुन्या सवयीनं दांडा मधे ओढला आणि गाडी थांबली, पण तोवर मामींचं लिंबाचं झाड आडवं झालं होतं. पेडल दाबलं असतं तरी थांबली असती. पेडल दाबून गाडी थांबते, हे मला पस्तीस-छत्तीस वर्षांच्या आयुष्यात कोणी सांगितलेलंच नव्हतं, मामा. बोटाला लागलं ते मात्र यात नाही. ते विटा उचलताना.

गेल्या रविवारी हॉटेलवाला आला. तो सीटवर चढला, डाव्या पायानं पेडल दाबलं, दोन बोटांनी गिअर टाकला, पाय अलगद सोडला, आणि ट्रॅक्टर चूं न करता फळ्यांवरून ट्रकमध्ये जाऊन उभा राहिला. वेल्डर टाळ्या वाजवायला लागला. हॉटेलवाला म्हणाला, इतकी सरळ गाडी त्यानं आजवर पाहिली नाही. आणि मी तिथं अंगणात उभा होतो, तर मला भडभडून आलं. कारण ती आपली गाडी वाटेचना. आपली गाडी कर्र करते. आपली गाडी उडी मारते, आणि उडी मारली की मागं चढलेलं माणूस मडगार्ड धरून ओरडतं, आणि तुम्ही पाठमोरेच हसता. ते सगळं मी आठवड्याभरात दुरुस्त करून टाकलं होतं. मी हॉटेलवाल्याला सांगितलं की थांबा, हाय-लोच्या पेटीतून आवाज येतोय. त्याला काही ऐकू आलं नाही. मी म्हणालो, सवयीच्या कानालाच येतो, अशी गाडी दिली तर मिस्त्रींचं नाव जाईल, पुन्हा उघडून बघावी लागेल. ट्रॅक्टर खाली उतरवला. सोमवारी मी तो परत दोन तुकडे केला, आणि या क्षणी दोन्ही धडं शेडमध्ये एकमेकांकडे तोंड करून उभी आहेत. एवढंच कळवायचं होतं. बाकी विशेष काही नाही. मामींना आणि ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. डोळ्यात औषध वेळेवर घाला.

तुमचा आज्ञा मोडलेला भाचा,
मास्तर

ता. क. : एक राहिलं. हॉटेलवाला या रविवारी परत येणार आहे, आणि त्याला काय सांगायचं ते तुम्ही ठरवायचं आहे. माझं म्हणाल तर मला प्लेट पुन्हा उलट बसवायची आहे. पण सुलट कशी बसवायची ते पुस्तकात आहे. उलट बसवून वर एकतीस वर्षं चालवायची कशी, ते पुस्तकात कुठंच नाही. ते जगात एकाच माणसाला येतं. तुम्हाला वाकता येत नाही हे मला माहीत आहे. तुम्ही खुर्चीवर बसा, नुसतं 'गाढवा, तिकडून नाही' म्हणा, वाकायचं काम मी करीन. आणि उपयोग नाही वगैरे निरोप मामींकरवी पुन्हा पाठवू नका, मला तो ऐकवत नाही.

ता. क. दुसरा (मामी, हा तेवढा मनातल्या मनात वाचा, आणि मग वाटलं तर त्यांना सांगा) : जुनी प्लेट मी रॉकेलनं धुतली तेव्हा तिच्या कडेला मामांनी खिळ्यानं कोरलेली तारीख दिसली. तो दिवस मला कोणी सांगायला नको. आईच्या पाठोपाठ घरातलं सगळंच संपलं आणि मामा मला बसस्टँडवरून तुमच्याकडे घेऊन आले, तो दिवस. तुम्हीच सांगता, की ते काम अर्धं टाकून आले होते, आणि मी त्यांच्या मानेला जी मिठी मारली ती संध्याकाळपर्यंत सोडली नाही, म्हणून उरलेलं काम त्यांनी मला कडेवर घेऊन एका हातानं केलं. मामी, एका हातानं प्लेट उलटसुलट करून बघता येत नाही. दुसऱ्या दिवशी पेडल अडल्यावर त्यांना कळलं नसेल, असं मी म्हणणार होतो, पण ज्याला माहीत नसतं तो 'पुढं लागेल' म्हणून नवा गिअर आणून ठेवत नाही. त्यांना माहीत होतं. तरी उघडलं नाही. ते का, एवढं त्यांना विचारा. उत्तर काहीही आलं तरी मी पूर्ण गुण देणार आहे.

ता. क. तिसरा, सुनेकडून : मामा-मामींना नमस्कार. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. बाकी सगळं खरं आहे, पण ट्रॅक्टर दोन तुकड्यांत नाही. सोमवारी हे पाना घेऊन आत गेले आणि तसेच बाहेर आले. गाडी अखंड आहे, पहिल्या फटक्यात सुरू होते. शाळेतून आले की हे जाऊन तिच्यावर बसतात, डावा पाय त्या जागेवर ठेवतात, इंजिन चालूही करत नाहीत. हॉटेलवाल्याचा फोन आला की दोन तुकडे झाल्याचं सांगतात. खोटं बोलायची सवय नसल्यानं कान लाल होतात. फोनवर ते दिसत नाहीत म्हणून निभावलं. रविवारी तो समोर येणार आहे. त्याच्या आत तुम्ही या, नाहीतर हे घाबरून खरंच उघडतील, आणि लाटणं मी नवं आणलं आहे. तुमची खोली झाडून ठेवली आहे. शेडच्या दाराला ह्यांनी हॉटेलवाल्याला दिसू नये म्हणून मोठं कुलूप लावलं आहे आणि किल्ली स्वतःजवळ ठेवतात, पण तुमची अडचण व्हायची नाही. मागच्या भिंतीतून सरळ आत येता येतं.